अमेरिकेतील जुन्या अवजड मालमोटारी : त्यांची निगा आणि त्यांचा इतिहास

औद्योगिक युगाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी रेल्वेचे इंजिन, आगबोट आणि सूतगिरणी ह्यांच्याकडे जितके लक्ष पुरविले, तितके मालमोटारीकडे पुरविलेले नाही. ह्याचे एक कारण उघड आहे. रेल्वेला कंपनीचे दप्तर असते, वेळापत्रके असतात, अपघातांच्या चौकशीचे अहवाल असतात. मालमोटारीचा मालक मात्र बहुधा एकटा माणूस किंवा लहानसा व्यवसाय. व्यवसाय मोडला की त्याचे कागद रद्दीत जातात आणि गाडी भंगारात जाते. जी थोडी यंत्रे टिकली ती कोणी इतिहास म्हणून जपली म्हणून टिकली असे नव्हे. ती पुनःपुन्हा दुरुस्त होत राहिली, म्हणून टिकली. विसाव्या शतकातील अमेरिकन अवजड मालमोटारींच्या बाबतीत ही गोष्ट इतकी ठळकपणे दिसते, की त्यांच्या निगेचा इतिहास हाच बव्हंशी त्यांचा इतिहास होय. परंतु जी दुरुस्ती यंत्राला वाचविते, तीच त्याच्या अंगावरील पुरावा पुसूनही टाकते, ही अडचण त्याबरोबरच येते. तिचा विचार करण्यापूर्वी ही यंत्रे कशी घडली व कशी राखली गेली हे पाहणे अवश्य आहे.

‘अवजड’ हा शब्द येथे काटेकोर अर्थाने घ्यावयाचा आहे. महाराष्ट्रात अमेरिकन मालमोटार म्हटले की जुन्या पिढीला शेव्हरोले, फोर्ड, डॉज, फार्गो ही नावे आठवतात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व फार्गो ह्या गाड्या बनविल्या. घाटावरील मालवाहतुकीच्या इतिहासात ह्या गाड्यांचे स्थान मोठे आहे. तथापि अमेरिकेच्या हिशेबाने त्या हलक्या किंवा मध्यम वजनाच्या गाड्या होत. ज्या गाड्यांची एकूण भारक्षमता ३३,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे १५ टनांहून, अधिक असते त्यांना तेथे सर्वांत वरच्या, आठव्या, वर्गात घालतात. मॅक, व्हाइट, ऑटोकार, ब्रॉकवे, केनवर्थ, पीटरबिल्ट ही नावे ह्या जातकुळीतील आहेत.

ह्या परंपरेच्या आरंभी मॅक कंपनीची ‘एसी’ ही मालमोटार उभी आहे. मॅक बंधूंनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १९०० च्या सुमारास धंदा सुरू केला आणि १९०५ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे गेले. एडवर्ड ह्यूइट ह्या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली एसी १९१६ साली बाजारात आली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. एकंदर सुमारे ४०,००० गाड्या निघाल्या. इतर गाड्यांत सर्वांत पुढे असणारा रेडिएटर ह्या गाडीत इंजिनाच्या मागे, चालकाच्या पायांपुढील पडद्याशी बसविलेला होता, आणि बॉनेट पुढे उतरती होत गेलेली होती. हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हता. गोदीत, दगडखाणीत व इमारतींच्या कामावर गाडीचे नाक भिंतीवर किंवा दुसऱ्या गाडीवर आदळणे हे नित्याचे असे. पुढे रेडिएटर असता तर प्रत्येक वेळी पाणी गळून काम थांबले असते. दुरुस्तीचा विचार अशा रीतीने आकृतीतच उतरला होता. पहिल्या महायुद्धात हजारो एसी गाड्या युरोपात गेल्या. तेथील चिखलात त्या ज्या चिकाटीने चालल्या तिच्यावरून ब्रिटिश सैनिकांनी तिला ‘बुलडॉग’ म्हटले अशी आख्यायिका आहे. पुढे १९३२ मध्ये कंपनीचे मुख्य अभियंता आल्फ्रेड मॅझुरी ह्यांनी शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात पडल्यापडल्या बुलडॉगची एक प्रतिमा कोरली. तीच गाडीच्या नाकावर विराजमान झाली. मॅझुरी स्वतः पुढच्याच वर्षी ‘ॲक्रन’ ह्या हवाई जहाजाच्या अपघातात मृत्यू पावले.

एसीची मागची चाके साखळीने फिरत. सायकलच्या साखळीचीच ही फार मोठी आवृत्ती. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक. मोटारगाड्यांतून साखळी केव्हाच हद्दपार झाली असता मॅक कंपनीने तिला १९३० च्या दशकापर्यंत धरून का ठेवले, ह्याचे उत्तर निगेच्या बाजूने पाहिले असता सापडते. साखळीच्या गाडीत मागचा आस म्हणजे केवळ एक घडीव लोखंडी दांडा असतो. त्यात गिअर नसतात, म्हणून तो हलका असून दगडावर आपटला तरी सहसा बिघडत नाही. गाडी चढावर दमते असे दिसल्यास पुढचे दातेरी चाक बदलून लहान बसवावे, की तीच गाडी सावकाश पण अधिक जोराने ओढू लागते. साखळी तुटली तर रस्त्याच्या कडेला बसून कडी बदलता येते. ह्याची किंमत म्हणजे अव्याहत कष्ट. साखळी धूळ खाते, ताणते, दात झिजविते. ती वरचेवर काढून रॉकेलात धुवावी लागे व वितळलेल्या चरबीत ग्रॅफाइट मिसळून त्यात बुडवून ठेवावी लागे. बोल्डर धरणाच्या, म्हणजे आजच्या हूवर धरणाच्या, बांधकामावर १९३१ नंतर मॅकच्या साखळीच्या गाड्या राबल्या. तेथे कुशल यंत्रज्ञांपेक्षा हातोडा चालविणारे हात अधिक होते, आणि यंत्र त्या हातांना साजेसे होते.

एसी गाड्या आज फार थोड्या उरल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लोखंड गोळा करण्याच्या ज्या मोहिमा निघाल्या, त्यांत ह्या जड पोलादी गाड्या साहजिकच आधी गेल्या.

पूर्वेकडील मॅकचा बाणा असा, की इंजिन, गिअरपेटी, आस हे सारे शक्यतो स्वतःच्याच कारखान्यात बनवावे. पश्चिम किनाऱ्यावर ह्याच्या नेमकी उलट रीत रुजली. तेथे गाडी ‘जुळविली’ जाई : इंजिन कमिन्सचे, गिअरपेटी फुलरची, आस टिमकनचा, आणि चॅसिस व केबिन तेवढे स्वतःचे. केनवर्थ ही कंपनी १९२३ मध्ये सिॲटल येथे हॅरी केंट व एडगर वर्दिंग्टन ह्यांच्या नावांची अक्षरे जोडून निघाली. टकोमा येथील लाकडाचे व्यापारी टी. ए. पीटरमन ह्यांना जंगलातून ओंडके वाहून आणण्यासाठी गाड्या हव्या होत्या. त्यांनी ओकलंड येथील बंद पडलेला फेजॉल कारखाना विकत घेतला आणि १९३९ मध्ये पहिली पीटरबिल्ट गाडी बाहेर पडली. फ्रेटलायनरची कथा ह्याहून बोलकी आहे. पोर्टलंडच्या कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज ह्या वाहतूक संस्थेचे प्रमुख लेलंड जेम्स ह्यांनी, प्रस्थापित कारखानदार हलक्या गाड्या करून देईनात, म्हणून ॲल्युमिनियम वापरून स्वतःच गाड्या बांधावयास घेतल्या. रस्त्यावरील एकूण वजनाला कायद्याची मर्यादा होती. तेव्हा गाडीचे वजन जितके घटेल तितका भाडे देणारा माल वाढे. कायद्याने धातूची निवड ठरविल्याचे हे उदाहरण आहे, आणि त्याचा भोग पुढे दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला आला. ॲल्युमिनियम व पोलाद जेथे एकत्र येतात तेथे ओलावा व मीठ मिळताच ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. वरून धडधाकट दिसणारी केबिन रिबिटांच्या रांगेशी पोखरलेली निघते.

जुळविलेल्या गाडीत प्रत्येक गाडी ही एक स्वतंत्र व्यक्ती असते. कोणते इंजिन, किती गिअर, आसाचे गुणोत्तर कोणते, दोन आसांमधील अंतर किती, हे गिऱ्हाईक ठरवी. वायव्येकडील ओंडके ओढणाऱ्याची मागणी एक, आणि नेव्हाडाच्या सपाट वाळवंटातून रात्री धावणाऱ्याची दुसरी. म्हणून अशा गाडीचा विचार ‘अमुक साली अमुक नमुना’ एवढ्यावर थांबत नाही. ती एका विशिष्ट रस्त्यासाठी, विशिष्ट मालासाठी केलेला लेखी करार असते. तो करार कोठे नोंदला आहे? इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीत प्रत्येक गाडीबरोबर तिच्या भागांची एक यादी कारखान्याच्या रांगेतून फिरत असे, आणि त्या याद्या गाडीच्या क्रमांकावरून आजही मिळविता येतात. जुनी गाडी हाती घेणारा जाणता मनुष्य पाना उचलण्यापूर्वी हा कागद मिळवितो. असे कागद सर्व कंपन्यांचे राहिले नाहीत. जेथे कागद नाही तेथे गाडीचे अंग हाच कागद.

इंजिनांच्या कथेत इंडियाना राज्यातील कोलंबस ह्या गावाच्या क्लेसी कमिन्स ह्यांचे नाव टाळता येत नाही. एका श्रीमंत घराण्याच्या मोटारी हाकणारा व दुरुस्त करणारा हा मनुष्य; त्याच घराण्यातील बँकर डब्ल्यू. जी. अर्विन ह्यांच्या भांडवलावर १९१९ मध्ये त्याने डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. जवळजवळ दहा वर्षे तोटाच झाला. १९३१ मध्ये कमिन्सने आपले इंजिन बसविलेली मालमोटार न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसपर्यंत चालवीत नेली. संपूर्ण प्रवासाला इंधनाचा खर्च ११ डॉलर २२ सेंट आला. मंदीच्या काळात वाहतूकदारांना ह्याहून अधिक सांगावे लागले नाही. केनवर्थने १९३३ मध्ये कारखान्यातूनच डिझेल इंजिन बसवून देण्यास आरंभ केला.

त्याच प्रवासात कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरताना कमिन्सच्या गाडीचे ब्रेक तापून निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेचे फाटक, आणि फाटकातून मालगाडी चाललेली. गाडीचा शेवटचा डबा पार झाला तेव्हा मालमोटार थोडक्यात बचावली. घाट चढणारे इंजिन घाट उतरताना गाडीला धरून का ठेवू शकत नाही, हा प्रश्न कमिन्सच्या मनातून त्यानंतर गेला नाही. निवृत्तीनंतर त्याला उत्तर सापडले. पिस्टनाने हवा दाबून आणली की नेमक्या त्या क्षणी बाहेर जाण्याची झडप किंचित उघडावी. दाबलेली हवा निसटते, तिने पिस्टनाला परत ढकलण्याचे काम करावयाचे राहून जाते, आणि इंजिन शक्ती देण्याऐवजी शक्ती गिळणारा पंप बनते. झडप उघडण्याचा तो क्षण साधावयाचा कसा? कमिन्सच्या इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाला हलविणारा एक तिसरा उंचवटा कॅमवर आधीच होता, आणि त्याची वेळ जवळजवळ हीच होती. ड्रिल यंत्रांच्या चिमट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जेकब्स कंपनीने १९६१ पासून ही योजना विक्रीस आणली. घाट उतरणाऱ्या जुन्या अमेरिकन गाडीचा जो तडतड आवाज ऐकून वस्तीतील लोक त्रासतात, तो हाच. त्रासणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्या आवाजामागे कहोनची उतरण आहे.

कमिन्सचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. १९६२ मध्ये किर्लोस्कर समूहाच्या सहकार्याने पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि ह्या कुळातील इंजिने कोथरूड येथे बनू लागली. त्यामुळे ह्या इंजिनांचा एक जुना आजार येथील जाणकारांनाही परिचित आहे. सिलिंडरच्या आतील पोलादी नळी, जिला कारखान्यात लाइनर म्हणतात, ती ह्या इंजिनांत बाहेरून थेट पाण्यात बुडालेली असते. प्रत्येक स्फोटाबरोबर ती सूक्ष्मपणे थरथरते. तिच्या पृष्ठभागाशी वाफेचे बारीक बुडबुडे उठतात व फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा पोलादाचा कण उडवितो. वर्षानुवर्षे हे चालले की सुईच्या टोकाने टोचावे तशी भोके पडत जातात, आणि एके दिवशी पाणी तेलात उतरते. ह्यावर उपाय म्हणजे पाण्यात ठराविक रसायन ठराविक प्रमाणात मिसळणे व त्या प्रमाणाची वेळोवेळी परीक्षा करणे. काम क्षुल्लक, खर्च नगण्य. आणि ते न केल्याने जितकी इंजिने मेली तितकी अतिश्रमाने क्वचितच मेली असतील.

ह्या सर्वांहून निराळा स्वभाव जनरल मोटर्सच्या ‘७१’ मालिकेतील इंजिनांचा. ही मालिका १९३८ मध्ये निघाली. प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ७१ घनइंच, म्हणून हे नाव. एक, दोन, तीन, चार किंवा सहा सिलिंडरांची इंजिने त्याच पिस्टनांवर, त्याच लाइनरांवर, त्याच इंजेक्टरांवर बांधलेली. शिवाय ठोकळा असा सममित, की उपांगे डाव्या वा उजव्या बाजूस हवी तशी बसविता यावीत. दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरविणाऱ्या नौकांतून ही इंजिने हजारोंनी गेली, आणि युद्धानंतर मासेमारीच्या बोटी, बसगाड्या, विहिरी खोदणारी यंत्रे व मालमोटारी ह्या सर्वांत तीच दिसू लागली. सुट्या भागांची वाण पडली नाही ती ह्यामुळेच. एखाद्या आडगावातील दुरुस्ती करणाराही ह्या इंजिनाला ओळखत असे.

हे इंजिन दोन ठोक्यांचे असल्याने प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरात स्फोट होतो. म्हणून त्याचा आवाज त्याच्या खऱ्या गतीच्या दुप्पट भासतो. ते स्वतः श्वास घेऊ शकत नाही. बाजूला बसविलेला पंखा हवा आत ढकलतो. त्याच्या हवाकोठीतून बाहेर येणाऱ्या बारीक नळ्यांतून थोडे तेल टपकतच असते, आणि अनभिज्ञ मालक ते गळतीचे लक्षण समजून त्या नळ्या बुजवितो. हा वेडेपणा आहे. त्या नळ्या त्यासाठीच आहेत. ह्या इंजिनाची बैठक साधणे ही खरी कारागिरी. प्रत्येक इंजेक्टर ठराविक मापाच्या सळईने ठराविक उंचीवर बसवावा लागतो, झडपांतील फट साधावी लागते, आणि मग सर्व इंजेक्टरांच्या दांड्या एका आडव्या नळीला अशा जोडाव्या लागतात की प्रत्येक सिलिंडर आपापला सारखा वाटा उचलील. एक दांडी जरी घट्ट बसली तरी एकंदर नियमन हरपते. जुन्या रचनेत एखादा इंजेक्टर पूर्ण इंधनावर अडकला, तर तो इतर सर्वांना आपल्याबरोबर अडकवून ठेवी आणि इंजिन आवरेनासे होई. इंधन तोडून काही साधत नाही तेव्हा हवाच तोडावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेत एक झडप ठेवलेली असे. तरीही सावध मिस्त्री नव्याने जुळविलेले इंजिन प्रथम सुरू करताना हवेच्या तोंडाशी एक फळी घेऊन माणूस उभा करीत. पुढे स्प्रिंग बसविलेल्या जोडण्या आल्या व हा धोका बराच कमी झाला. कोणत्या इंजिनात कोणती जोडणी आहे हे पाहिल्यावाचून त्याला हात घालू नये.

गिअरपेटीविषयी थोडक्यात सांगता येईल, जरी चालकाच्या दृष्टीने तेच सर्वांत अवघड प्रकरण. मॅकच्या ‘बी’ मालिकेत, जी १९५३ ते १९६६ ह्या काळात सव्वा लाखाहून अधिक संख्येने बनली, अनेक गाड्यांना गिअरचे दोन दांडे असत : एक मुख्य पेटीचा, दुसरा साहाय्यक पेटीचा. काही वेळा दोन्ही एकाच क्षणी हलवावे लागत, आणि त्यासाठी चालक आपला एक हात सुकाणूच्या चक्रातून आरपार घालीत असे. गिअर आपोआप जुळवून घेणारी योजना त्यांत नव्हती. क्लच दोनदा दाबून, इंजिनाची गती कानाने ओळखून दात जुळवावे लागत. फुलर कंपनीच्या ‘रोडरेंजर’ पेटीने दुसरा दांडा काढून टाकला व ते काम दाबलेल्या हवेवर सोपविले. १९६३ पासून तिच्यात भार दोन समांतर आसांवर वाटला जाऊ लागला. दोन दांड्यांची गाडी चालविण्याची विद्या मात्र कोणत्याही पुस्तकात पुरती उतरलेली नाही. ती शिकविणारा मनुष्य शेजारी बसलेला असावा लागतो, आणि गाडी चालती असावी लागते. वस्तुसंग्रहालयाच्या गुळगुळीत फरशीवर उभ्या असलेल्या गाडीत ती विद्या राहत नाही. उलट, उभ्या गाडीचे रबरी बंद वाळतात, लाइनर गंजतात, ब्रेकचे पडदे कडक होतात.

गाड्यांच्या आकृतीवर कायद्याचा हात कसा पडला ह्याचा एक उल्लेख केला पाहिजे. गाडी व जोडगाडी ह्यांची एकूण लांबी किती असावी हे राज्याराज्यांनी ठरविले होते. म्हणून इंजिनावरच केबिन बसविलेली, नाक नसलेली गाडी लोकप्रिय झाली. इंजिनाला हात लावावयाचा तर सबंध केबिन पुढे कलंडवावी लागे, आणि चालकाच्या बिछान्यातील सामान काचेवर येऊन पडे. १९८२ च्या संघीय कायद्याने मुख्य रस्त्यांवरील एकूण लांबीचे बंधन उठले, आणि लांब नाकाच्या गाड्या परत आल्या. ह्या नाकाचे आज जे कौतुक होते त्यात स्वातंत्र्याची, रस्त्याच्या राजाची भावना मिसळलेली असते. तिचे मूळ मात्र एका कायद्याच्या कलमात आहे.

ह्या गाड्यांच्या जतनाची संघटित चळवळ १९७१ पासूनची. त्या वर्षी अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन झाली. तिचे कार्यालय व ग्रंथालय आज मिसूरीतील कॅन्सस सिटी येथे आहे, आणि ‘व्हील्स ऑफ टाइम’ हे नियतकालिक ती चालविते. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात अँटीक ट्रक क्लब ऑफ अमेरिका निघाला. ॲलनटाउन येथे मॅकचे संग्रहालय आहे. आयोवातील वॉलकॉट येथे एका प्रचंड विश्रामस्थानाच्या आवारात दुसरे. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड हे तर एका नामशेष कारखान्याचे गाव. ब्रॉकवे कंपनी मॅकने १९५६ मध्ये घेतली आणि १९७७ मध्ये ती बंद झाली, तरी ब्रॉकवे गाड्यांचे मालक अजून त्या गावी वार्षिक मेळ्याला आपल्या गाड्या चालवीत आणतात. ज्यांचे वडील त्या कारखान्यात कामाला होते असे लोक त्या पाहावयास येतात.

ह्या चळवळीचे ऋण मान्य करूनही तिच्यातील एका प्रवृत्तीकडे टीकेच्या दृष्टीने पाहणे अवश्य आहे. पुनरुज्जीवित गाडी बहुधा अशी चकाकते, की ती कारखान्यातूनही तशी कधी निघाली नसेल. जी चॅसिस सरसकट काळी, धुळकट व तेलकट होती तिला आरशासारखा रंग. जेथे साधे रंगविलेले लोखंड होते तेथे क्रोमचा मुलामा. ह्यासाठी प्रथम वाळूचा मारा करून सर्व जुने रंग खरवडले जातात. त्या रंगांत काय होते? १९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्यान्वये राज्यांच्या सीमा ओलांडून माल वाहणाऱ्या व्यवसायाला इंटरस्टेट कॉमर्स कमिशनचा परवाना लागे, आणि परवान्याचा क्रमांक दरवाजावर मालकाच्या नावाशेजारी रंगविलेला असे. १९८० मध्ये हे नियंत्रण सैल झाले. स्पर्धेच्या लाटेत जुन्या संस्था एकामागून एक बुडाल्या. १९९५ च्या अखेरीस तो आयोगही विसर्जित झाला. ह्यांपैकी अनेक लहान संस्थांचे दप्तर आज कोठेच नाही. त्यांच्या अस्तित्वाचा शेवटचा दाखला एखाद्या शेतातील गोठ्यामागे उभ्या असलेल्या गाडीच्या दरवाजावर, दोन रंगांच्या थराखाली, अर्धवट दिसणाऱ्या अक्षरांत असू शकतो.

चॅसिसच्या लांब पट्ट्याही अशाच बोलक्या. त्यांवर रिकामी भोके दिसतात. जाणत्या डोळ्याला त्यांवरून कळते की जोडगाडी अडकविण्याची तबकडी एके काळी फूटभर मागे होती. की ह्या गाडीने प्रथम लांब पल्ल्याला माल ओढला, मग पट्ट्या कापून तिच्यावर रेती टाकण्याचा डबा बसविला, आणि शेवटी शेतावर धान्य वाहण्यासाठी तिचा आस पुन्हा मागे नेला. पहिला मालक, दुसरा मालक, तिसरा मालक : अवजड मालमोटारीचे आयुष्य ह्याच उतरंडीने जाते, आणि ती उतरंड त्या भोकांत नोंदलेली असते. भोके भरून, घासून, रंग दिला की गाडी ‘मूळ’ रूपात आली असे म्हणतात. वस्तुतः तिच्या आयुष्यातील पहिला एक दिवस तेवढा परत आलेला असतो व पुढची चाळीस वर्षे गेलेली असतात.

म्हणून काही पुरावा राखू नये व काही अवश्य बदलावे, असा विवेक लागतो. सर्व काही जसेच्या तसे ठेवा हा आग्रह येथे जिवावर बेतेल. अनेक तुकड्यांची जुनी चाके, ज्यांत टायर एका पोलादी कड्याने अडकविलेला असतो, ती हवा भरताना कडे सुटून प्राणघातक ठरली आहेत. त्यांना हवा पिंजऱ्यातच भरली पाहिजे, हा अमेरिकन नियम १९८० पासूनचा आहे, आणि गंजलेले कडे तर टाकूनच द्यावे. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते; त्याची धूळ फुंकरीने उडवू नये. ब्रेकचे अंतर साधणारे दांडे १९९० च्या दशकापूर्वी बहुधा हाताने जुळवावयाचे असत, आणि ते जुळविण्याची सवय आजच्या चालकाला नाही. २००६ पासून अमेरिकेत गंधकाचे प्रमाण अत्यल्प असलेले डिझेल आले. त्याने जुन्या पंपांतील रबरी कडी आकसून गळती लागल्याच्या तक्रारी झाल्या. तेथे नव्या द्रव्याची कडी बसविणे हाच शहाणपणा. असा बदल लिहून ठेवला म्हणजे त्याने इतिहासाचे काही बिघडत नाही.

जुन्या गाड्यांना आज जी मागणी आहे तिच्यामागे केवळ प्रेम नाही, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०१७ पासून अमेरिकन चालकांच्या कामाचे तास नोंदणारे विद्युत्-यंत्र सक्तीचे झाले, पण २००० पूर्वीच्या इंजिनांना त्यातून सूट राहिली. ज्या मालकाला स्वतःच्या हाताने इंजिन उघडता येते त्याला, संगणकाची परवानगी न मागता दुरुस्त होणारी गाडी परवडते. उलट कॅलिफोर्नियात २०२३ पासून २०१० पूर्वीच्या इंजिनांच्या जड गाड्यांना सामान्यतः धंद्यावर फिरण्यास बंदी झाली, आणि तिला कारणही आहे : जुन्या डिझेलचा धूर बंदरांभोवतीच्या गरीब वस्त्यांतील लोकांच्या फुप्फुसांत जातो. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या वाहनांना त्या नियमातून सूट आहे. परिणाम असा, की ओकलंड येथे पीटरबिल्टचा जन्म झाला त्याच राज्यात जुनी पीटरबिल्ट आता धंद्याची राहिली नसून मेळ्याची झाली आहे. ओझे न वाहणाऱ्या गाडीच्या गिअरपेटीतील तेल कधी तापत नाही, ब्रेक कधी उष्ण होत नाहीत, आणि चालकाला दोनदा क्लच दाबण्याचे खरे कारण उरत नाही.

अलीकडे काही पुनरुज्जीवक गाडी उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेतात, दरवाजावरील अक्षरांचे पातळ कागदावर ठसे काढतात, आणि चॅसिसवरील भोकांची अंतरे मोजून कारखान्याच्या यादीशेजारी डकवितात. कित्येक जण जुना दरवाजा तसाच ठेवून गाडीला दुसरा बसवितात. काढलेला दरवाजा मग कार्यशाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. त्यावरचा परवान्याचा क्रमांक बहुधा वाचता येतो.